समोरची काच तडकली, आता काय करायचं? महागड्या गाडीच्या नव्या मालकांसाठी

समृद्धीवर जालन्याचं इंटरचेंज मागं पडलं की रस्ता मोकळा होतो, आणि नेमका तिथंच पुढं एखादा हायवा खडी भरून, ताडपत्री न बांधता चाललेला असतो. टक् असा आवाज येतो. इतका बारीक की मागं बसलेली माणसं बोलणंसुद्धा थांबवत नाहीत. चालवणाऱ्याला मात्र काचेवर मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसतो आणि त्याचा दिवस खराब होतो.

माझा असाच झाला. सेकंडहँड घेतलेली जर्मन गाडी, घेऊन चार महिने झालेले. ठिपका दोन आठवडे तसाच राहू दिला. मग एप्रिलमध्ये परभणीला एका लग्नात गाडी तीन तास उन्हात उभी राहिली. निघताना एसी फुल्ल केला, हवा सरळ काचेवर सोडली, आणि गावाबाहेर पडेस्तोवर ठिपक्यातून हातभर चीर धावली. ओळखीच्या काचवाल्याकडं गेलो. "साहेब, काच म्हणजे काच. ट्रकची असू द्या नाहीतर मर्सिडीजची. दोन तासांत बसवून देतो." त्यानं खरंच दोन तासांत बसवली. त्यानंतर समोरच्या काचेवर दिसणारा वेगाचा आकडा दोन-दोन दिसायला लागला, वायपर लख्ख उन्हात आपोआप फिरायला लागले, आणि जूनच्या पहिल्या पावसात माझ्या पायाखालची मॅट ओली झाली. काच दुसऱ्यांदा बदलावी लागली. पैसे दोनदा गेले.

त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्याची हयात कमांडर जीप आणि ट्रकांच्या काचा बसवण्यात गेली. त्या काचा रबरात बसायच्या. रबराच्या खाचेत दोरी घालायची, एकानं बाहेरून काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची, की बसली काच. त्या कामात तो पटाईत होता. आताच्या गाड्यांत काच रबरात नसते, पत्र्याला चिकटवलेली असते, आणि तिच्यावर निम्मी गाडी अवलंबून असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं.

तसं पाहिलं तर महागड्या गाड्या मराठवाड्याला नव्या नाहीत. २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, साधारण ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली होती. शेंद्र्याच्या एमआयडीसीत ऑडीच्या गाड्या जुळतात. पण गाडी घेताना मायलेज, रिसेल, सनरूफ सगळ्याची चौकशी होते, काचेबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. म्हणून हे क्रमानं लिहितोय.

पहिल्या दिवशी

हायवेवर कडेला गाडी थांबवून काच बघू नका. पुढच्या पंपावर किंवा बाहेर पडण्याच्या ठिकाणी थांबा. ठिपक्याशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, एक लांबून पूर्ण काचेचा, गाडीचा नंबर दिसेल असा. मग बाहेरून, ठिपक्यावर साधी पारदर्शक सेलोटेप चिकटवा. धूळ आणि पाणी आत गेलं की पुढं दुरुस्ती नीट होत नाही. फेविक्विक ओतू नका. आमच्याकडं हा उपाय फार लोकप्रिय आहे आणि त्यानं बरी होणारी काच कायमची वाया जाते.

उन्हाळ्यात खरी भीती तापमानाच्या फरकाची. काच बाहेरून भट्टीसारखी तापलेली आणि आतून एसीची गार हवा, की चीर पळते. गाडीत बसल्यावर आधी चारी काचा खाली करा, गरम हवा जाऊ द्या, एसी पायाकडं सोडा आणि हळूहळू वाढवा. भर दुपारी गार पाण्यानं गाडी धुऊ नका. सावलीत लावा. आणि गतिरोधकावर, खड्ड्यात एक चाक घालून गाडी तिरकी करू नका. गाडीचा सांगाडा पिळला की काचही पिळते.

दुरुस्त होते का, ते आधी विचारा

समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक पडदा दाबलेला असतो, सहसा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत, जाळीसारखी तडकून जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत वेगळी असते, ती फुटली की साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो आणि तिथं दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही.

दगड बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या थराला लागलेला असतो. ठिपका नाण्याएवढा किंवा लहान असेल, काचेच्या कडेपासून दूर असेल, चालकाच्या नजरेच्या सरळ रेषेत नसेल आणि आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर नसेल, तर त्यात रेझिन नावाचा पातळ, पारदर्शक चिकट पदार्थ भरून अतिनील दिव्यानं घट्ट करता येतं. अंधूक खूण राहते, पण चीर थांबते. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आणि खर्च नव्या काचेच्या तुलनेत किरकोळ. मी तो ठिपका त्याच आठवड्यात भरला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

चीर लांब गेली, कडेला पोचली किंवा आतला थर फुटला, की मग बदलच.

विमा: फोन आधी, काम नंतर

इथं जरा थांबून हिशेब करा, कारण बहुतेक लोक इथंच घाईनं पैसे घालवतात.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचं काही मिळत नाही, हे सरळ आहे. पूर्ण विमा असेल तर त्यातल्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागातून काच मिळते. घसारा न कापणाऱ्या जोड-संरक्षणाला 'झिरो डेप' म्हणतात. एजंट सांगतात, "झिरो डेप असेल तरच काच पूर्ण मिळेल." हे चूक आहे. नेहमीच्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, पण काचेवर घसारा शून्य असतो. काचेभोवतीची पट्टी, क्लिपा यांचे मात्र निम्मे कापले जातील, आणि गोंद-प्रायमर 'कन्झ्युमेबल', म्हणजे एकदा वापरून संपणारा माल, म्हणून तुमच्या माथी मारले जाऊ शकतात. झिरो डेप आणि कन्झ्युमेबल या जोड-संरक्षणांचा उपयोग तेवढ्यापुरता. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे दर दाव्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, असतेच: १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला २,००० रुपये. बऱ्याच महागड्या गाड्या यात येतात.

आता नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. ही सवलत २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी पाच वर्षांत चढत जाते आणि एका दाव्यानं शून्यावर येते. समजा, सवलत धरण्याआधी तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ६०,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. दावा केला तर पुढच्या वर्षी सवलत शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि सहाव्या वर्षी परत ५०. दरवर्षी हुकलेली सवलत मोजा: ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. म्हणजे ६०,००० च्या सव्वापट, ७५,००० रुपये, पाच वर्षांत गुपचूप जातात. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी, पण अंदाज तोच. काचेचं बिल ४०,००० असेल तर दावा करू नका. दीड लाख असेल तर जरूर करा. मधे कुठंतरी असेल तर पॉलिसी काढून वाचा, त्यात बोनस वाचवणारं संरक्षण घेतलेलं असेल तर प्रश्न मिटला. हप्ता भरताना आपण टिकल्या मारून घेतो आणि काय घेतलं ते विसरतो.

दावा करायचा ठरला तर काच काढण्याआधी कंपनीला फोन किंवा ॲपवर नोंद करा. विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस, म्हणजे सर्वेअर, त्यानं बघण्याआधी जुनी काच निघाली की भांडण सुरू. बंदमध्ये, दगडफेकीत फुटली असेल तर पोलिसांत नोंद करून प्रत घ्या. पूर्ण विम्यात दंगल-संपाचं नुकसान येतं, पण कागद मागतात. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत फुटली तर त्याच दिवसाचे फोटो काढा, गारा वितळायच्या आत. आणि 'कॅशलेस' असा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. ज्या वर्कशॉपमध्ये काम करायचं ते तुमच्या विमा कंपनीच्या यादीत आहे का, हे तिथं जाण्याआधी विचारा. नांदेडहून संभाजीनगरला गाडी नेऊन तिथं कळलं की यादीत नाही, तर कोणावर चिडणार?

कोणती काच: सतरा अक्षरांचा नंबर

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून काच मागवू नका. एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या काचा असू शकतात आणि बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात. खरा आधार म्हणजे गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन, जो आरसीवर चासी नंबर म्हणून लिहिलेला असतो. अधिकृत पार्ट काउंटरवर तो घातला की कारखान्यातून गाडी कोणत्या सोयींसह निघाली ते कळतं आणि त्याप्रमाणे काचेचा पार्ट नंबर निघतो. तो पार्ट नंबर एस्टिमेटवर लिहून घ्या. नुसतं 'फ्रंट ग्लास' असं लिहिलेलं एस्टिमेट घेऊ नका.

फरक कशात असतो? काही काचांच्या मधला पडदा आवाज गिळणारा असतो. तो नसलेली काच बसवली की शंभरच्या वर वाऱ्याची घोंघों सुरू होते आणि महिनाभर टायर-बेअरिंग तपासत बसता. काही काचांवर उष्णता अडवणारा थर असतो. आपल्या मे महिन्यात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. काहींत वायपर बसतात तिथं गरम तारा असतात. त्या नसल्या तरी लातूरमध्ये कोणाचं अडत नाही, पण वायरचं तोंड मोकळं राहिलं तर गाडी चूक दाखवत राहते. आरशामागं पावसाचा सेन्सर, उजेडाचा सेन्सर, कॅमेरा. त्यांच्यासाठी काचेवर ठरलेल्या जागी खिडक्या आणि पकडी असतात.

आणि हेडअप डिस्प्ले. माझं घोडं इथंच पेंड खात होतं. वेगाचा आकडा डॅशबोर्डातून काचेवर टाकला जातो. काचेला दोन पृष्ठभाग, आतला आणि बाहेरचा. दोन्हींवरून प्रतिबिंब परत येतं, म्हणून साध्या काचेवर आकडा दोनदा दिसतो. हेडअप डिस्प्लेच्या काचेत मधला पडदा पाचरीसारखा असतो, एका बाजूला किंचित जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. त्यामुळं दोन्ही प्रतिबिंबं एकावर एक बसतात. ही पाचर डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि कुठल्या सेटिंगनं भरून निघत नाही. मला पहिल्यांदा सांगितलं गेलं होतं, "सवय होईल साहेब." तीन महिने झाले, झाली नाही.

मग ओरिजिनलच घ्यायची का? गाडीच्या कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. सेंट-गोबेन सेक्युरिट, एजीसी, पिल्किंग्टन, फुयाओ, आपल्याकडं असाही इंडिया, असे मोजके कारखाने ती बनवतात, आणि त्यांतलेच काही तशीच काच गाडीच्या लोगोशिवाय बाजारात विकतात. माझं मत असं: कॅमेरा आणि हेडअप डिस्प्ले नसलेल्या जुन्या गाडीला अशा नावाजलेल्या कारखान्याची बिनलोगोची काच चालते, पैसे वाचतात. कॅमेरा किंवा हेडअप डिस्प्ले असेल तर गाडीच्या कंपनीनं ठरवलेल्या पार्ट नंबरचीच घ्या. 'सेम टू सेम, इंपोर्टेड' असं सांगून, खोक्यावर नाव नसलेली काच कोणी देत असेल तर चहा पिऊन उठा.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात खुणा छापलेल्या असतात. बनवणाऱ्याचं नाव, भारतीय मानकाचा आयएस २५५३ किंवा वर्तुळातल्या इंग्रजी ई अक्षराजवळ देशाचा आकडा, लॅमिनेटेड असल्याची नोंद, आणि बनवल्याचा काळ दाखवणारे अंक-ठिपके. जुनी काच निघण्याआधी या खुणांचा फोटो काढून ठेवा आणि नवीशी ताडून बघा. सेकंडहँड गाडी घेताना हाच उपाय उलटा वापरा. चारी दारांच्या काचांचं साल एक आणि समोरचीचं वेगळं असेल, तर काच कधीतरी बदललेली आहे. का बदलली, ते मालकाला विचारा.

कुठं बसवायची

अधिकृत वर्कशॉप प्रत्येक जिल्ह्यात नाही, हे मराठवाड्याचं दुखणं. हिंगोली-परभणीकडच्या माणसाला संभाजीनगर, लातूर-धाराशिवकडच्यांना पुणे, नांदेड-देगलूरकडच्यांना हैदराबाद. चीर चालकाच्या नजरेसमोर असेल तर इतकं लांब चालवत नेऊ नका, फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, न्या. टोइंगचा खर्च बऱ्याच पॉलिसींतल्या रोडसाइड मदतीत बसतो.

जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. काच तुमच्याकडं येऊन पडली आहे का, का गाडी आल्यावर मागवणार? कोणता गोंद वापरता? आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, तुमच्याच छताखाली होतं का? काच परदेशातून यायची असेल तर दिवस नाही, आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस गाडी त्यांच्या आवारात उघडी ठेवण्यापेक्षा घरी सावलीत बरी. एखादा चांगला स्वतंत्र काचवाला तिन्हीची नीट उत्तरं देत असेल तर त्याच्याकडं जायला माझी हरकत नाही. शोरूमचा बोर्ड बघून भुलायचं नाही, तसं घाबरायचंही नाही.

बसवताना तिथंच उभं राहा

सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणेल, "लाउंजमध्ये बसा सर, कॉफी घ्या." कॉफी घ्या आणि गाडीचं काम चालतं तिथं परत या.

जुनी काच कापायच्या आधी नवी काच खोक्यातून बाहेर काढून दाखवायला सांगा. ही सगळ्यांत महत्त्वाची अट. वाहतुकीत कडेला टवका उडालेला असतो, आणि जुनी निघाल्यावर तो दिसला तर तुमच्याकडं पर्याय उरत नाही. नव्या काचेतून विजेच्या खांबाकडं तिरकं बघा, काच हळूच वर-खाली हलवायला सांगा. खांब लाटेसारखा वाकताना दिसला तर ती काच परत.

मग वायपरच्या खालची प्लास्टिकची जाळी निघते. तिच्या क्लिपा जुन्या झाल्या की मोडतात. मोडल्या तर नव्या लावा, तारेनं बांधू देऊ नका. त्या जाळीखाली कडुलिंबाचा पाला आणि धूळ साचून पाणी जायची भोकं बुजलेली असतात, तीही साफ करून घ्या.

जुनी काच तारेनं किंवा पातळ पात्यानं कापतात. इथं बघायचं ते पत्र्याच्या कडेकडं. पातं घसरून रंग उडाला की तिथं प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांनी काचेच्या आतून गंज फुलतो आणि मग गोंद पत्र्याला नाही, गंजाला चिकटलेला असतो. जुना गोंद पूर्ण खरवडत नाहीत. एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवतात आणि नवा त्याच्यावर बसतो. कोणी पत्र्यापर्यंत खरवडत असेल तर का, ते विचारा. नव्या काचेची कड पुसल्यावर तिला हात लागला, घामाचा ठसा उमटला, तर ती परत पुसली पाहिजे.

गोंद पॉलियुरेथेनचा असतो. सिलिकॉनची ट्यूब दिसली तर काम थांबवा. सिलिकॉन बाथरूमच्या फरशीला ठीक. काच हा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. गाडी उलटली तर छताला आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेवर टेकून तिथं बसलेल्या माणसाकडं वळते. काच सुटली तर एअरबॅग बाहेर जाते. ट्यूबवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते. वाचा, लाजू नका.

आता आपल्या हवामानाची गोष्ट. हा गोंद नुसता वाळत नाही, हवेतली ओल पिऊन घट्ट होतो. बाहेरून आत, सावकाश. लोकांना वाटतं, ऊन कडक आहे म्हणजे लवकर वाळेल. मराठवाड्याच्या मे महिन्यात हवा कोरडीठाक असते, ओलच कमी. त्यात बोनेट हात लावू देत नाही इतकं तापलेलं, म्हणून गोंदावर साय लवकर धरते. काच ठेवायला उशीर झाला तर सायीवर साय बसते, चिकटत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या, काम छताखाली करा, आणि गोंद लावल्यावर लगेच, दोघांनी सक्शनच्या पकडी धरून, एकदाच नेमकी काच ठेवायला हवी. ठेवल्यावर इकडंतिकडं सरकवत बसले तर काम बिघडलं समजा. पावसाळ्यात उघड्यावर हे काम करूच देऊ नका.

गाडी कधी चालवायची, हे गोंदाच्या कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. काहींना तास पुरतो, काहींना रात्र लागते, आणि ते त्या दिवसाच्या उष्णतेवर आणि ओलीवर ठरतं. "निघा साहेब, काही होत नाही" हे उत्तर धरू नका. कागद दाखवायला सांगा, वेळ लिहून घ्या.

कॅमेरा आंधळा नाही ना

आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे, पुढची गाडी, माणसं बघतो आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक लावतो. काच बदलली की तो केसभर हलतोच. केसभर म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. एका अंशाचा फरक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होतो. हायवेची एक लेन साडेतीन मीटरची, म्हणजे कॅमेरा अर्धी लेन चुकतो. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला तुमच्या समोर दिसू शकतो, आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर, ज्याच्या ट्रॉलीला मागं दिवाही नसतो, तो बाजूला.

कॅलिब्रेशन दोन तऱ्हेनं होतं. एकात सपाट फरशीवर, गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर खुणांचे बोर्ड लावतात. टायरची हवा बरोबर लागते, डिकीत सामान नको. दुसऱ्यात संगणक जोडून गाडी ठराविक वेगानं स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवतात. काही गाड्यांना दोन्ही लागतं. कोणतं, ते गाडीची कंपनी ठरवते. दुसऱ्या तऱ्हेसाठी आपल्याकडं समृद्धीसारखा रस्ता बरा, गावातल्या पुसलेल्या पट्ट्यांवर कॅमेरा शिकत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे झालं, असं समजू नका. काम झाल्याचा छापील रिपोर्ट मागा आणि बिलात ती ओळ वेगळी दिसली पाहिजे. विम्याच्या दाव्यातही एस्टिमेटमध्ये ती आधीच घालून घ्या, नंतर वाढवायला गेलात की सर्वेअर भुवया उंचावतो.

गाडी ताब्यात घेताना आणि नंतर

जुन्या काचेसोबत फास्टॅग गेला. तो सोलून परत चिकटवला तर चालत नाही, आतली तार तुटते. काच निघण्याआधी त्याचा फोटो काढा, बँकेकडं बदली टॅग मागा, आणि तो येईपर्यंत टोलवर जास्त पैसे भरायची तयारी ठेवा. उष्णता अडवणाऱ्या काचेवर बऱ्याचदा धातूचा थर असतो, तिथं टॅग वाचला जात नाही. आरशाजवळ ठिपक्यांची मोकळी जागा सोडलेली असते, तिथंच चिकटवा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, तिच्यासोबत मिळालेलं रंगीत स्टिकर, पेट्रोलला निळं, डिझेलला नारिंगी, तेही जुन्या काचेबरोबर जातं. ते पुन्हा मागवावं लागतं, हे वर्कशॉपवाले सांगत नाहीत.

"फिल्म मारून देऊ का?" हा प्रश्न येईल. समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. काळी फिल्म म्हणजे पोलिसाला दिलेलं आमंत्रण. गोंद पूर्ण बसेपर्यंत तर कुठलीच फिल्म नको.

पहिला दिवस-दोन दिवस दारं जोरात आपटू नका, एखादी काच बोटभर खाली ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. चिकटपट्ट्या लावल्या असतील तर वर्कशॉपनं सांगेपर्यंत काढू नका, गाडी विचित्र दिसली तरी. प्रेशरनं धुणं दोन दिवस बंद. खड्ड्यांचा रस्ता टाळता आला तर टाळा, आमच्याकडं हे बोलायला सोपं आहे. वायपरची पाती नवी घाला. जुन्या पात्यात वाळूचे कण अडकलेले असतात आणि पहिल्याच फेरीत लाखाच्या काचेवर रेघ ओढतात.

मग रिकाम्या रस्त्यावर शंभरपर्यंत गाडी न्या, रेडिओ बंद करून ऐका. बारीक शिट्टी ऐकू आली तर कोपऱ्यात गोंद तुटलेला असू शकतो. पाण्याचा थेंब टाकून पावसाचा सेन्सर बघा. उन्हात वायपर आपोआप फिरले तर सेन्सर आणि काच यांच्यामधल्या जेलमध्ये हवेचा बुडबुडा राहिलेला असू शकतो. रात्री हेडअप डिस्प्लेचा आकडा बघा, दिवसा दुहेरीपण नीट लक्षात येत नाही. बिल, काचेचा पार्ट नंबर, कॅलिब्रेशनचा रिपोर्ट आणि वॉरंटीचा कागद एकत्र गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की घरी आल्यावर दोन्ही बाजूंच्या मॅट उचलून खालच्या गालिच्यावर हात फिरवा, अगदी पुढच्या कोपऱ्यापर्यंत.